वाचकांचे प्रश्न : पन्नाशीत नोकरी सोडता येईल का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ४१ असून मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात पर्यवेक्षक आहे. पत्नी (३८) चिपळुणात एका खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत असून आई ७२ वर्षांची आहे. घर स्वतःचे आहे, कर्ज नाही. माझे ७२ हजार व पत्नीचे २८ हजार मिळून दरमहा १ लाख रुपये हाती येतात आणि घरखर्च ४८ हजारांत भागतो. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे सगळे सामान गेले, तेव्हापासून आम्ही हात आखडून राहतो आणि उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक बचत करतो.

आजची शिल्लक अशी : भविष्य निर्वाह निधी १४ लाख, पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) ९ लाख, म्युच्युअल फंड १६ लाख, बँकेतील मुदतठेव ५ लाख आणि ओळखीच्या पतसंस्थेतील ठेव १२ लाख, एकूण ५६ लाख. गेल्या वर्षी पगारातून या रकमेत सुमारे ५ लाखांची भर पडली; निर्वाह निधीची वर्षाची सुमारे १ लाखाची वर्गणी त्याखेरीज. गुहागर तालुक्यात गावी हापूसची ६० कलमे आहेत. बाग कराराने दिल्याने वर्षाला सरासरी ९० हजार मिळतात. ते सध्या गावच्या घराच्या डागडुजीत जातात, पण पुढे निवृत्तीचे उत्पन्न म्हणून मी ते धरले आहे. वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की काम थांबवता येते असे वाचनात आल्याने १ कोटी ४४ लाखांचे उद्दिष्ट ठरवले आहे. नऊ वर्षांनी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, नोकरी सोडावी असा विचार आहे. जमेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण आकडे मोकळेपणाने दिलेत म्हणून उत्तरही आकड्यांनीच देता येते. आधी आपल्याच पत्रातील एक विसंगती पाहू. दरमहा १ लाखातून ४८ हजार खर्च झाले तर ५२ हजार उरायला हवेत, म्हणजे वर्षाला ६ लाख २४ हजार. प्रत्यक्षात शिल्लक वाढली ५ लाखांनी. मधले १ लाख २४ हजार कोणी चोरले नाहीत. ते जूनमध्ये शाळेची फी, दप्तरे आणि पुस्तके यांवर, पावसाआधी छपराच्या कामावर, भाद्रपदात गणपतीवर, फाल्गुनात शिमग्याला गावी जाण्यावर, मे महिन्यात लग्नांच्या आहेरांवर आणि मधेच कधीतरी गाडीच्या व आयुर्विम्याच्या हप्त्यांवर गेले असणार. आपण ज्याला घरखर्च म्हणता तो सणवार नसलेल्या, आजारपण नसलेल्या, कोणाचेही लग्न नसलेल्या महिन्याचा खर्च आहे, आणि कोकणात असे महिने फार थोडे येतात. आपल्या घराचा खर्च वर्षाला ५ लाख ७६ हजार नसून ७ लाख आहे. बचतीचे प्रमाण ५२ टक्के नसून सुमारे ४२ टक्के आहे. ४२ टक्केही थोडे नव्हेत. मात्र ज्या संख्येला २५ ने गुणून आपण उद्दिष्ट काढलेत, ती संख्याच चुकली असल्याने पुढचे सगळे गणित हलते. तेव्हा येत्या चैत्रापासून बारा महिने घरातला प्रत्येक खर्च एका वहीत उतरवावा, आणि महिन्याची सरासरी न काढता वर्षाची बेरीज तेवढी पाहावी.

आता त्या २५ पटीविषयी. हा नियम अमेरिकेत विल्यम बेन्जेन या वित्तसल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून रूढ झाला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, रक्कम काढावी आणि पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवत न्यावी, म्हणजे पुंजी ३० वर्षे पुरते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यासाठी वापरलेले आकडे अमेरिकेतील शेअर व सरकारी रोख्यांचे होते आणि मुदत पासष्टीला निवृत्त होणाऱ्या माणसाला पुरेल एवढी होती. आपण पन्नासाव्या वर्षी थांबलात तेव्हा आपल्या पत्नी ४७ वर्षांच्या असतील. म्हणजे या पुंजीवर ४० वर्षे काढायची आहेत, आणि तीही महागाईचे सरकारी लक्ष्यच ४ टक्के असलेल्या देशात. म्हणून मी आपल्यासाठी किमान ३० पट धरतो. ३३ पट म्हणणाऱ्यांशीही माझा वाद नाही.

आपल्या उद्दिष्टात दुसरी उणीव महागाईची आहे. नऊ वर्षांनी हाती येणारे १ कोटी ४४ लाख हे त्या वेळचे रुपये असतील. महागाई ६ टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या सुमारे ८५ लाखांइतकी राहते, आणि आज ७ लाखांत चालणारे घर तेव्हा ११ लाख ८० हजार मागते. त्यामुळे यापुढचे सगळे आकडे मी आजच्या मोलाचे देत आहे, आणि गुंतवणुकीवरचा परतावाही महागाई वजा जाऊन उरेल तेवढाच धरत आहे.

पन्नाशीनंतर आपला खर्च थोडा बदलेल. मुलांच्या शाळा-शिकवण्यांचे व आपल्या लोट्याच्या जाण्यायेण्याचे मिळून सुमारे १ लाख ७० हजार कमी होतील असे मानतो आणि आरोग्यासाठी ७० हजार वाढवतो. हा माझा अंदाज आहे, आपल्या वहीतून खरा आकडा निघेल. म्हणजे वर्षाला ६ लाख. त्याच्या ३० पट १ कोटी ८० लाख. दोन्ही मुलांच्या उच्च शिक्षणासाठी २५ लाख निराळे ठेवावे लागतील, कारण आपण पन्नास वर्षांचे व्हाल तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा असेल आणि ज्या वर्षी पगार थांबेल त्याच सुमारास त्याच्या महाविद्यालयाची फी सुरू होईल. पत्रात याचा उल्लेख नाही. एकूण गरज २ कोटी ५ लाखांची.

दुसऱ्या बाजूला आजचे ५६ लाख आणि वर्षाला ६ लाखांची भर (ही भरही महागाईबरोबर वाढत जाईल असे गृहीत धरून) महागाईपेक्षा अडीच टक्के अधिक दराने वाढली, तर नऊ वर्षांनी सुमारे १ कोटी ३० लाख होतात. याच गतीने २ कोटी ५ लाख गाठायला आपले वय अठ्ठावन्नाच्या आसपास होईल, म्हणजे ती मुदतपूर्व निवृत्ती राहणारच नाही. परतावा महागाईपेक्षा ४ टक्के अधिक मिळाला तर पंचावन्नाव्या वर्षी हा पल्ला गाठता येईल. दोघांनीही पन्नासाव्या वर्षाला पूर्ण थांबणे या आकड्यांत बसत नाही.

मधला एक मार्ग मात्र आहे. आपल्या पत्नीची नोकरी पुढे काय होणार, याविषयी आपल्या पत्रात एक वाक्यही नाही. ‘नोकरी सोडावी’ हा विचार आपला एकट्याचा आहे की दोघांचा, हे त्यांना विचारून घ्यावे. त्यांनी वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत काम चालू ठेवले, तर त्यांच्या वर्षाच्या ३ लाख ३६ हजारांनंतर पुंजीतून फक्त २ लाख ६४ हजार काढावे लागतात. शिक्षणाचे २५ लाख बाजूला ठेवल्यावर उरणाऱ्या १ कोटी ५ लाखांच्या ते अडीच टक्के होतात, म्हणजे मुद्दल जागच्या जागी राहते. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण त्या थांबल्यावर तीच पुंजी वर्षाला ६ लाख देऊ लागली की सुमारे २३ वर्षांत, त्यांच्या ७८ व्या वर्षी संपते. पण आपण लोट्याची पाळ्यांची नोकरी पन्नासाव्या वर्षी सोडून पुढची आठ वर्षे महिना १५ हजार एवढेच मिळवलेत, तर पुंजी वाढत राहते आणि त्यांच्या ८३ व्या वर्षापर्यंत पुरते. कारखान्यांतील सुरक्षिततेचे प्रशिक्षण, छोट्या उद्योगांची कागदपत्रे सांभाळणे किंवा स्वतःची बाग स्वतः पाहणे, यांपैकी कशातूनही एवढे मिळू शकते. पन्नासाव्या वर्षी रात्रपाळी सुटणे हे माझ्या मते गाठण्याजोगे उद्दिष्ट आहे, आणि बहुधा आपल्याला मनातून तेच हवे आहे.

बाग कराराने देऊन मिळणारे ९० हजार मी वरच्या गणितात कोठेही धरलेले नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल. हापूसला एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी तुरळक धरण्याची खोड आहे. मोहराच्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला किंवा तुडतुडे व फुलकिडे यांचा प्रादुर्भाव झाला तर कंत्राटदार पुढच्या वर्षी रक्कम पाडून मागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगडकडे नारळ-सुपारीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. उन्मळलेल्या कलमाच्या जागी नवे लावले तर भरीव उत्पन्न यायला दहा वर्षे लागतात. पगार चालू असताना हे नुकसान सोसता येते. पगार थांबल्यावर ज्या वर्षी बाग जाते त्याच वर्षी घराचे छप्परही उडालेले असते. बागेचे पैसे आजच्याप्रमाणेच गावच्या घराला आणि गणपतीला लावावेत. बागेवर घर चालवू नये.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक काळजी वाटते तिच्याकडे येतो. आपल्या पुंजीतील पाचवा हिस्सा, १२ लाख, एकाच पतसंस्थेत आहे. बँकेतील ठेवींना, मग ती सहकारी बँक असली तरी, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाही, आणि तिच्यातील ठेवींना हा विमा लागू नाही. आपली संस्था उत्तम चालली असेल, संचालक आपल्या परिचयाचे असतील, व्याजही टक्का-दीड टक्का अधिक मिळत असेल. तरीही आयुष्यभराच्या बचतीचा एवढा भाग ओळखीच्या भरवशावर ठेवणे योग्य नाही. कोकणात ओळखीच्या माणसाकडून ठेव काढून घेणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. ठेवींची मुदत जसजशी संपेल तसतशी ती नूतनीकरणाला न देता, मुलीच्या शिक्षणाची तरतूद करायची आहे असे सांगून काढावी. ते खोटेही नाही. त्यातील ४ लाख, म्हणजे सहा-सात महिन्यांचा खर्च, आपत्कालीन निधी म्हणून दोन वेगळ्या बँकांत ठेवावेत. वाशिष्ठीच्या काठच्या गावात हा निधी किती लागतो ते आपल्याला सांगायला नको.

उरलेले ८ लाख दोन वर्षांत थोडे थोडे करून निर्देशांकावर आधारित, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या, म्युच्युअल फंडांत न्यावेत. आज आपल्या पुंजीचा सुमारे २९ टक्के भाग शेअर बाजाराशी जोडलेला आहे. दहा वर्षांहून अधिक मुदतीच्या पैशासाठी तो ४५ टक्क्यांच्या आसपास असावा. वर सांगितलेला, महागाईपेक्षा ४ टक्के अधिक असा परतावा याखेरीज शक्य नाही. त्याची किंमतही ठाऊक असावी : जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांखाली आला होता. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षापासून दरवर्षी थोडी रक्कम बाजारातून काढून मुदतठेवीत आणावी, म्हणजे नोकरी सोडल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च पडत्या भावात युनिट विकून भागवावा लागणार नाही.

आरोग्यविम्याचा आपण उल्लेख केला नाही, त्यावरून कारखान्याचा सामूहिक विमा असावा असे वाटते. तो नोकरीबरोबर संपतो. चौघांसाठी स्वतंत्र पॉलिसी आजच घ्यावी. पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तो नोकरीत असतानाच संपून जाईल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. आपल्या आईंचे वय सत्तरीच्या पुढे असल्याने उत्पन्नाची अट न पाहता त्यांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचे संरक्षण मिळते. त्यांचे कार्ड काढले नसेल तर काढून घ्यावे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील पेन्शन पन्नासाव्या वर्षापासून घेता येते, पण ५८ च्या जितकी वर्षे आधी घ्यावी तितक्या वर्षांची दरवर्षी ४ टक्के कपात होते. ती ५८ पर्यंत थांबवावी.

प्रश्न : आम्ही मालवणजवळ निवास-न्याहरीचा व्यवसाय करतो, यजमानांचा मासेमारीच्या बोटीत हिस्सा आहे. पैसे येतात ते दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात. पावसाळ्यात काही नाही. माझे वय ४६. आणखी दहा वर्षांनी खोल्या मुलाकडे सोपवून मोकळे व्हायचे आहे. दरमहा ठरावीक रक्कम गुंतवा असे सगळे सांगतात, ते आम्हाला जमत नाही. माझे पीपीएफ खाते येत्या मार्चअखेर १५ वर्षे पूर्ण करते, ते बंद करावे का? बायकांची भिशीही आहे. — एक वाचक भगिनी, सिंधुदुर्ग

उत्तर : दरमहा गुंतवणुकीचा सल्ला पगारदारांना सोयीचा म्हणून दिला जातो, त्यात पुण्य नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि पर्यटक सप्टेंबरअखेरपर्यंत तुरळक, अशा घराने आपल्या मिळकतीच्या हंगामांप्रमाणेच बचत करावी. मेअखेर हाती येणाऱ्या पैशातून प्रथम जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या बचत खात्यात टाकावा, जशी घरात तांदूळ आणि सुक्या मासळीची बेगमी केली जाते. त्याखेरीज एका पूर्ण बुडालेल्या हंगामाइतकी रक्कम मुदतठेवीत असावी. हे दोन्ही झाल्यावर जे उरेल त्यालाच निवृत्तीची बचत म्हणावे.

पीपीएफ खाते बंद करू नका. एप्रिल २०२० पासून त्यावर ७.१ टक्के व्याज मिळत आहे, ते करमुक्त आहे आणि आपल्यासारख्या स्वयंरोजगार करणाऱ्यांना निर्वाह निधी नसल्याने हेच त्याची जागा घेते. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज दिला तर खाते वर्गणीसह पाच वर्षांसाठी वाढवता येते, आणि दहा वर्षांसाठी आपल्याला असे दोनदा करावे लागेल. अर्ज देण्याचे राहून गेले तर खाते चालू राहते व व्याजही मिळते, पण नवे पैसे भरता येत नाहीत. ही तारीख चुकवू नये. वाढवलेल्या पाच वर्षांत आरंभीच्या शिलकीच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची सोय असते, म्हणजे पैसे अडकून पडतात ही भीती आता उरत नाही. वर्षाला दीड लाखांची मर्यादा आहे. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेला त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, म्हणून डिसेंबरात मिळालेले पैसे राखून ठेवून ५ एप्रिलपूर्वी एकदम भरावेत.

भिशी चालू ठेवायला हरकत नाही. तिच्यात व्याज नाही, पण ठरलेल्या दिवशी पैसे काढून देण्याची सवय आहे. त्यातून एखादी खोली रंगवणे किंवा गाद्या बदलणे असा ठरलेला खर्च करावा, निवृत्तीची पुंजी त्यात ठेवू नये.

प्रश्न : वय ३४, अविवाहित, मुंबईत नोकरी. ४० लाख साठले आहेत, महिन्याला ३० हजार वाचतात. संगमेश्वर तालुक्यात गावी घर आहे. तिथे महिना १५ हजारांत राहता येईल. चाळिसाव्या वर्षी गावी जाऊन राहावे का? — एक चाकरमानी

उत्तर : कागदावर जमते. वरच्याच हिशेबाने, महागाईपेक्षा अडीच टक्के अधिक परतावा धरून, सहा वर्षांनी आपल्याकडे आजच्या मोलाचे सुमारे ६९ लाख असतील आणि त्याचे ३ टक्के (३३ पटीच्या नियमाने) म्हणजे वर्षाला २ लाखांहून थोडे अधिक होतात. आपला खर्च १ लाख ८० हजार. मात्र हे गणित एकट्या, निरोगी माणसाचे आहे. विवाह झाला तर ते नव्याने मांडावे लागेल. आणि १५ हजारांचा अंदाज आपण मे महिन्याच्या सुटीत केला असेल, तर एकदा रजा काढून जुलैचा अख्खा महिना गावी राहून पाहावे : वीज किती वेळ असते, दवाखान्यात जायला रिक्षा किती घेते, भाजी कोठून येते, सगळे कळेल. त्याआधी आणखी एक काम करावे. ज्या घराच्या भरवशावर हा बेत आहे त्याचा ग्रामपंचायतीतील नमुना ८ चा उतारा आणि जमिनीचा सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे. घर सामायिक असेल तर काका-आत्यांच्या संमतीचा किंवा वाटणीचा नोंदणीकृत दस्त झाल्याशिवाय त्याच्या दुरुस्तीवर मोठी रक्कम घालू नये.